उसना नववा

शाळेच्या जेवणघरातली टेबलं भिंतीला लावली होती आणि गावातले डेमोक्रॅट तीन घोळक्यांत उभे होते. अध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करावं, हे आयोवात असंच ठरत आलं होतं. चिठ्ठी नाही, पडदा नाही. ज्याला जो उमेदवार हवा, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत.

व्हर्लिन हाउगे खिडकीपाशी, सिनेटरबाईंच्या कोपऱ्यात होता, कारण त्या कोपऱ्याची पुढारी त्याची मुलगी जनेल होती. समोर गव्हर्नरसाहेबांचा भलाथोरला घोळका. आणि दुधाच्या फ्रीजजवळ आठच माणसं, खासदार लोवेलची. कंपन्यांच्या डुकरं पाळायच्या शेडविरुद्ध उघड बोलणारा हा एकटाच उमेदवार. त्या आठांत डेल्मर ट्वेट होता. व्हर्लिन तिकडे बघत नव्हता.

चार वर्षांपूर्वी त्याने डेल्मरच्या बांधालगतची जमीन शेड बांधायला डुकरांच्या कंपनीला भाड्याने दिली होती. जनेलचा नवरा आता तिथेच मुकादम होता. वारा पश्चिमेचा असला की वास थेट डेल्मरच्या घरात शिरायचा, आणि डेल्मरच्या बायकोला, आर्डिसला, दमा. जमीन देण्याआधी व्हर्लिनने शेजाऱ्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद.

पहिली मोजणी झाली. सभा चालवणाऱ्या बोलेनबाई म्हणाल्या, "लोवेलवाले, गट टिकायला तुम्हाला नऊ लागतात. अर्धा तास देते. नाही जमले तर गट मोडायचा आणि दुसरीकडे जायचं."

जनेलने आपल्या माणसांना जवळ ओढलं. "ते मोडले की सगळे गव्हर्नरकडे जाणार. मग जिल्ह्याच्या सभेत त्याचा एक प्रतिनिधी वाढतो आणि आपला जातो. आपल्याकडे माणसं जास्तीची आहेत. एक तिकडे उसना द्यायचा. कोण जातं?"

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले.

"मी नाही बाई," हार्लन म्हणाला. "डेल्मर डुकरांवर सुरू झाला की माझं जेवण वर येतं."

"मी जातो," व्हर्लिन म्हणाला.

"बाबा, तुम्ही?" जनेलला हसू आवरेना. "बरं, जा. कोट राहू दे इथंच. मोजणी झाली की या परत."

जेवणघर ओलांडायला किती वेळ लागणार? पण व्हर्लिनला ते मक्याच्या शेताएवढं लांब वाटलं. डेल्मर त्याला येताना बघत होता.

"आलास?"

"आलो."

"आर्डिसला मी नेहमी सांगतो, व्हर्लिन वाईट नाही, भित्रा आहे. ती म्हणते, दोन्ही आहे."

बाकीचे हसले. डेल्मरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात पूर्वीसारखाच जड होता. "आज घरी गेल्यावर सांगतो तिला. म्हणावं, आला शेवटी. बरं वाटेल तिला."

गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं. मोजणी, मग कोट, मग घर. पण अंथरुणात उशांना टेकून बसलेली आर्डिस, तिला हे सांगणारा डेल्मर आणि ते ऐकून तिला वाटलेलं बरं, हे सगळं व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे आलं.

"डेल्मर, मला जनेलने पाठवलंय. गव्हर्नरचा प्रतिनिधी वाढू नये म्हणून."

खांद्यावरचा हात निघाला. "म्हणजे उसना."

"हो."

"तिने तुझंच नाव घेतलं?"

"नाही. कोण जातं, विचारलं. मी म्हटलं, जातो."

"का?"

व्हर्लिनने मनात शोधून पाहिलं. "ठाऊक नाही."

"मग परत जा."

"डेल्मर, तोंड आवर!" म्हातारी ओपल उसळली. "हा गेला की आपण मोडलो. मग या वयात मी त्या गव्हर्नरच्या खोगीरभरतीत उभी राहू? कुठूनही आला असेना, दोन पाय आहेत ना त्याला?"

तेवढ्यात बोलेनबाई आल्या. मोजणी अशी, की प्रत्येकाने आपला आकडा आपणच बोलायचा. एक, दोन, तीन. ओपल सात. डेल्मर भिंतीकडे बघत म्हणाला, "आठ."

बोलेनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नऊ," व्हर्लिन म्हणाला.

खिडकीपाशी जनेलने टाळ्या वाजवल्या. डेल्मरने त्या ऐकल्या, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

गट टिकला, म्हणजे त्याला एक प्रतिनिधी मिळाला. मार्चमध्ये जिल्ह्याच्या सभेत जाऊन त्याने लोवेलच्या बाजूने उभं राहायचं आणि शेडबंदीचा ठराव वाचायचा. "कोण जाणार?" बोलेनबाईंनी विचारलं.

ओपलने डेल्मरकडे बोट केलं. डेल्मरने नकारार्थी मान हलवली.

"नववा जाईल," तो म्हणाला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "उसना आलाय ना? मग राबू दे."

जनेलच्या टाळ्या थांबल्या. तिचा नवरा तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. व्हर्लिनने दोघांकडे पाहिलं, मग डेल्मरकडे. डेल्मरच्या चेहऱ्यावर राग होता. क्षमेचा मागमूसही नव्हता.

"लिहा," व्हर्लिन म्हणाला. "व्हर्लिन हाउगे."

लोक पांगू लागले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि कोट पलीकडे होता. व्हर्लिन जेवणघर ओलांडून गेला. कोट जनेलच्या हातात होता. तिने तो छातीशी धरला होता, आणि ती हात पुढे करत नव्हती.