मुळांना सुरी लावायची नाही

लीक म्हणजे कांद्याच्या जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी; प्रदर्शनात तिच्या जोडीला बक्षीस हवं असेल तर मुळांना सुरी लावायची नाही, हा गावातल्या लीक लावणाऱ्यांच्या क्लबचा नियम. मुळं धुवायची, विंचरायची आणि म्हाताऱ्याच्या दाढीसारखी कापडावर पसरून ठेवायची. एक तंतू जरी छाटलेला दिसला तरी जोडी बाद. नॉर्मन रटरने उभ्या आयुष्यात इंग्लंडचा एकही कायदा पाळला नव्हता, पण हा नियम तो देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा.

त्याच नॉर्मनच्या वाफ्यावर, मार्चमध्ये, भर दुपारी विल्फ हार्लने आपल्या जावयाला फावड्याने मारलं.

विल्फ तीस वर्षं नॉर्मनचा माणूस. कोणाची बोटं मोडायची, कोणाचं दुकान पेटवायचं, हे नॉर्मनने सांगायचं आणि विल्फने करायचं. जावयाचं, क्रेगचं, मात्र कोणी सांगितलं नव्हतं. सात महिन्यांची पोटुशी लेक बेथ, तिचा फाटलेला ओठ विल्फने पाहिला आणि "वाफा खणायला ये जरा" म्हणून त्याला बोलावून घेतलं. पहिला घाव मानेवर बसला. दुसऱ्याला कवटी भोपळ्यासारखी उकलली. क्रेगचे तांबडे केस फावड्याच्या पात्याला चिकटून राहिले. नॉर्मन खोपटाच्या दारात थर्मासमधला चहा पीत उभा होता.

"झालं? मग दोन फूट खोल घाल," तो म्हणाला. "वर शेणखत. लीकलाही पोटात काहीतरी लागतंच."

बेथला सांगितलं, क्रेग स्पेनला पळाला. विल्फने डाव्या हाताने दोन पोस्टकार्डं लिहिली आणि तिथल्या एका ओळखीच्याला टपालात टाकायला लावली. 'इथे हवा छान आहे. मला माफ कर.' बेथने ती फ्रिजवर लावली. विल्फला पोलिसांची भीती नव्हती, नरकाची तर नव्हतीच. भीती एकच. क्रेगचा आवाज आला की बेथ अंग चोरून भिंतीला लागायची. तसं ती आपल्याला बघून कधी करेल, याची.

मे महिन्यात टिली जन्मली, बापासारखीच तांबड्या केसांची. वाफा विरळ करताना उपटलेली लीक नॉर्मन दर रविवारी बेथकडे पाठवायचा. "बाळंतिणीला चांगली, दूध येतं." बेथ त्याचं सूप करायची. विल्फला समोर बसून वाडगाभर गिळावं लागायचं. नाही म्हणायला कारण काय सांगणार? चार महिन्यांच्या टिलीला वर्षाच्या पोराचे कपडे घट्ट होऊ लागले. तपासायला येणारी नर्स वजनकाटा दोनदा ठोकून बघायची.

वाफ्यात उरलेली जोडी मांडीएवढी जाड झाली. ऑगस्टमध्ये विल्फने एकीला हात लावला तर ती कोमट लागली. बेथ बाबागाडी घेऊन कुंपणापाशी आली की दोन्ही लीक तिच्याकडे कलायच्या, वारा उलटा असला तरी.

सप्टेंबरच्या प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी जोडी उपटली. धुतल्यावर मुळं पांढरी निघायला हवी होती. ती निघाली तांबडी. आणि एकीच्या मुळांच्या गुंत्यात, मुठीत धरावं तसं, एक बोट होतं. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या अंगठीसकट.

विल्फने खिशातून सुरी काढली. नॉर्मनने त्याचं मनगट पकडलं.

"सुरी आत."

"नॉर्मन, बोट आहे ते!"

"मग आतल्या आत खोच. दाढीत कोण बघतंय?"

"बेथ येणार आहे तिथे. ही अंगठी तिनेच दिलेली."

"येऊ दे की. बारा वर्षं मी त्या सिड मिल्बर्नच्या मागे दुसरा येतोय, विल्फ. बारा वर्षं ते माकड माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतंय, 'छान प्रयत्न, नॉर्मन.' एका बोटासाठी जोडी बाद करू?"

दुपारी क्लबच्या हॉलमध्ये चहा, सँडविच आणि सगळं गाव. डरहॅमहून आलेल्या परीक्षकांनी दोनदा माप घेतलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा घेतलं.

"काय घालतोस रे याला?" सिड मिल्बर्नने पडलेल्या चेहऱ्याने विचारलं.

"माया," नॉर्मन म्हणाला.

तेवढ्यात बेथ आली, कडेवर टिली. विल्फ आडवा येईपर्यंत ती टेबलाशी पोचलीही. टिलीने हात पुढे केला. एक तांबडं मूळ कापडावरून उठलं आणि हळूच, लाडाने, तिच्या मनगटाला गुंडाळलं. मग आवळलं. चिमुकली बोटं निळी पडली.

"बाबा!" बेथ किंचाळली. "सोडत नाहीये! बाबा, काहीतरी कर!"

विल्फने सुरी उपसली. नॉर्मन मध्ये उभा राहिला, हात पसरून, गोलकीपरसारखा.

"निकाल लागू दे आधी! दोन मिनिटं, विल्फ, फक्त दोन मिनिटं!"

विल्फने टेबलावरचा चांदीचा कप उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात सँडविचच्या ताटात पडले. दुसऱ्या फटक्याला नाक गालात गेलं, तिसऱ्याला नॉर्मन टेबलावर उताणा. त्याच्या उघड्या तोंडात दुसऱ्या लीकची मुळं शिरली, नाकात शिरली, गळा आतून फुगला. बुटांच्या टाचा टेबलाच्या पायावर तडातड वाजल्या आणि थांबल्या.

विल्फने टिलीच्या मनगटावरचं मूळ कापलं. त्यातून गरम रक्त उडालं. सगळी जट सुटली आणि अंगठीसकट बोट घरंगळत बेथच्या बुटापाशी जाऊन थांबलं.

परीक्षकांनी कार्डावर लिहिलं: बाद.

लोक दाराकडे धावले. बेथ जागची हलली नाही. टिलीचं मनगट चोळत ती बोटाकडे बघत राहिली.

"पोस्टकार्डं तू लिहिलीस ना? त्याने जन्मात कधी कोणाची माफी मागितली नाही, बाबा. मला पहिल्या कार्डालाच कळलं होतं."

विल्फने सुरी खाली ठेवली. "आणि तरी तू..."

"मला वाटलं, समुद्रात टाकला असशील," ती म्हणाली. ओठ कापत होता, पण डोळ्यांत राग नव्हता. तिने मोकळा हात त्याच्या बाहीवर ठेवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा विल्फला पोटभर श्वास घेता आला.

मग तिची नजर टेबलावरच्या जोडीकडे गेली. हात बाहीवरून निघाला.

"बाबा, रविवारचं सूप कुठल्या वाफ्यातलं?"

विल्फ तिच्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभा राहिला.

टिलीने मनगटावरचं रक्त चोखलं आणि दूध लागल्यासारखी गालात हसली. बेथने तिला छातीशी ओढलं, मग दचकून छातीपासून दूर धरलं, आणि बापाकडे बघत मागे सरकली. अंग चोरून, भिंतीला लागेपर्यंत.