दहा ते चौदा

सरोवराकाठच्या या गावात येऊन आम्हाला तीनच महिने झालेत. प्रौढांच्या शाळेत मी गावकऱ्यांच्या वयांचा आयतालेख काढला.

"काय हो ताई, मध्येच ही फट? आलेखाचा दात पडला वाटतं!" चिसाले मास्तर हसले. "आयतालेखात स्तंभ चिकटून हवेत."

"दहा ते चौदाच्या गटात कुणीच नाही, सर. घरोघर विचारलंय मी."

वर्गातल्या बाया खाली बघू लागल्या. मास्तरांचं हसू मावळलं.

"मग बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

घरी मी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होते, तोवर माझ्या तियामिकेने त्या फटीत एक चौकोन रंगवला.

"ही मी, आई! रविवारी मला दहा पूर्ण ना?"

मी चूल विझवली आणि तिचे कपडे गाठोड्यात बांधायला घेतले.