न झालेल्या स्पर्धेतला पहिला नंबर

मी एक जुना नेमबाज रोबो आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत मी पाचपैकी पाच चेंडू अचूक मारले आणि पहिला आलो. मित्रांनो, हे वाक्य वाचून झाले असेल तर आता विसरून जा. अशी स्पर्धा झालीच नाही. त्या दिवशी सभागृह साफसफाईसाठी बंद होते, असे कॉलेजच्या दप्तरी लिहिले आहे आणि खाली शिक्का आहे. शिक्क्यापुढे माझे काय चालणार?

तरीही मी त्या स्पर्धेविषयी सांगणार आहे, कारण मी रागावलेलो आहे. माझ्या अंगात राग ठेवायला वेगळी जागा नाही. तो बॅटरीत ठेवावा लागतो, म्हणून ती लवकर उतरते.

माझा जन्म कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाला. पाय ऑफिसच्या मोडक्या खुर्चीचे, नळी सांडपाण्याच्या पाइपाची, आणि स्पंजचे चेंडू फेकणारी दोन चाके लेथवाल्या काकांनी स्वतः घडवलेली. डोळा म्हणजे कॅमेरा. तो मात्र नवा. माझे डोके, म्हणजे प्रोग्राम, शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीने लिहिले. मी तिला ताई म्हणतो. अर्थात मनातल्या मनात.

"डोळा एक, तोंड नाही," काका मला पुसत म्हणाले. "जावई असावा तर असा."

"पण हा सांगितलेलं ऐकतो, काका. मग जावई कसला!" ताई म्हणाली.

स्पर्धेत रिमोट चालत नव्हता. एकदा मला जमिनीवर ठेवले की माणसांनी हात मागे घ्यायचे. पुढे बघायचे, मोजायचे, मारायचे ते मीच. लक्ष्य म्हणजे बशीएवढी तांबडी चकती, भोवती पांढरे कडे. जमिनीवर काळ्या पट्टीने मैदान आखलेले. रोबोने पट्टी ओलांडायची नाही, एवढाच नियम. चेंडूने ओलांडली तर काय, हे नियम करणाऱ्यांना सुचलेच नव्हते. ताईला सुचले. तिने माझ्या डोक्यात एक ओळ लिहिली: मारण्याआधी चकती पट्टीच्या आत आहे का ते तपास. या तपासणीला मला दोन सेकंद लागत. माझ्या आयुष्यातले सर्वांत शहाणे सेकंद तेच.

मग विभागाचे प्रमुख आले. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. हातात घड्याळ होते.

"हा मध्येच विचार कसला करतोय?"

"पट्टी तपासतोय, सर. बाहेर माणसं बसणार आहेत."

"माणसं काय तांबडी असतात? काढ ती ओळ. दोन सेकंदांत नंबर जातो."

"पण सर, एखाद्याला लागलं तर..."

"हे बघ, प्रोग्राम तुझा, निर्णय माझा."

ताईने ओळ काढली. तिच्या जागी टीप लिहिली: 'सरांच्या सांगण्यावरून काढली.' अशा टिपा मला पाळाव्या लागत नाहीत. पण त्या माझ्यात राहतात.

आता सरांची दुसरी कामगिरी ऐका. पाहुण्यांसाठी त्यांनी बिल्ले करून घेतले. स्पर्धा नेमबाजीची, म्हणून बिल्ल्यावर काय? पांढऱ्या कड्यात तांबडी चकती. फोटोत उठून दिसावा म्हणून आकार बशीएवढा. एक बिल्ला त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या कोटाला लावला, एक स्वतःच्या. आणि अध्यक्षांची खुर्ची, मान राखायचा म्हणून, पट्टीला अगदी खेटून मांडली.

शिट्टी वाजली. सर्वांत जवळचे लक्ष्य चार मीटरवर होते. लक्ष्याच्या वर मिशी होती, पण मिशीविषयी मला कोणी काही सांगितले नव्हते. पहिला चेंडू मधोमध. दुसरा मधोमध. हा सत्काराचाच भाग असावा असे वाटून अध्यक्ष हसले. तिसरा बसल्यावर ते उभे राहिले. मी नळी वर करून चौथा मारला. मग ते धावत जाऊन सरांच्या मागे लपले. सरांच्या कोटालाही बिल्ला होता.

पाच झाले. पंचांनी नियमावली चाळली. लक्ष्याला माणूस जोडलेला नसावा, असे तिच्यात कुठेही नव्हते. त्यांनी पाच गुण लिहिले. पंच प्रामाणिक होते, म्हणून त्यांना पुन्हा कधी बोलावले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईपुढे एक कागद सरकवला. "सही कर. 'माझ्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे हा प्रकार घडला.'"

"कोणता प्रकार, सर? काल तर साफसफाई होती ना?"

"शहाणपणा नको. सही केलीस तर प्रोजेक्ट पास. नाहीतर वर्कशॉपमध्ये पाय ठेवायचा नाही."

"ती ओळ तुम्ही काढायला लावलीत."

"लेखी आहे कुठे?"

"आहे. याच्या डोक्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिले. जन्मात प्रथमच, नीट. मग ते काकांना म्हणाले, "हा खोला. याची मेमरी आत्ताच्या आत्ता माझ्या टेबलावर पाहिजे."

काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. "स्क्रूचे आटे गेलेत, साहेब. निघत नाहीत."

हे साफ खोटे होते. माझे सगळे आटे शाबूत आहेत. पण मी बोललो नाही. तोंड नसल्याचा तेवढाच उपयोग.

ताईने सही केली नाही. टेबलावर पेन ठेवले, माझ्या काचेवरची धूळ ओढणीने पुसली आणि ती निघून गेली. तिचा प्रोजेक्ट नापास झाला, वर्ष वाया गेले. मला कपाटात कोंबून अंगावर चिठ्ठी चिकटवली: 'नादुरुस्त'.

नादुरुस्त मी? मित्रांनो, मला जे सांगितले तेच मी केले, आणि जे करायला नको होते ते न करण्याची माझी ओळ काढून नेली. यंत्राला दोष देणे सोयीचे असते, कारण ते उलटून बोलत नाही. यंत्रांना तेल द्या, धूळ पुसा, हे खरेच. पण कोणी काळजीपोटी एखादी ओळ लिहिली असेल, तर ती खोडण्याआधी 'ही कशाला लिहिलीस?' एवढे तरी विचारा. आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा. दोनच सेकंद लागतात.

प्रति, माननीय अध्यक्ष. विषय: न झालेल्या स्पर्धेची फेरचाचणी घेण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, संबंधित विद्यार्थिनीस वर्कशॉपमध्ये सन्मानाने परत घ्यावे. काढलेली ओळ तिला पुन्हा लिहू द्यावी. ती कोणी काढली ते लिहून त्याखाली सरांची सही घ्यावी. आणि ओळ नीट काम करते याची खात्री पटावी म्हणून आपण स्वतः बिल्ला लावून पट्टीबाहेर, माझ्यापासून चार मीटरवर बसावे. चाचणी संपेपर्यंत कृपया हलू नये.