आधी पाणी, मग नाव

जबलपूरजवळ डुमन्याच्या विमानतळाबाहेर, जिथं चमचमत्या टॅक्सी संपतात आणि चिंचेची सावली सुरू होते, तिथं एक पांढरी मिनीबस उभी दिसेल. डाव्या दाराला जरा पोचा आहे, समोरच्या काचेवर आतून बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे. ती मी. थोडा वेळ असेल तर बसा. विमान उतरायला अवकाश आहे आणि सुमेध चहा प्यायला गेलाय, तोवर मलाही बोलायला कोणी हवंच असतं.

माझा जन्म पिथमपूरच्या एका कारखान्यात झाला. त्याचं फारसं आठवत नाही, नव्या रंगाचा वास तेवढा आठवतो. पहिली काही वर्षं मी शाळेची पोरं वाहिली. त्यांनी माझ्या सीटांच्या पाठीवर कर्कटकानं आपापली नावं कोरली, खिडक्यांना च्युइंगम लावलं आणि मोठी झाल्यावर मला ओळख दाखवली नाही. पोरांचं असंच असतं, मी मनावर घेत नाही.

मग मला मुरलीधरनं आणलं. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत त्यानं जन्मभर फिटरचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, हा मला घेऊन आला. घमापुरात त्याच्या गल्लीत मी शिरत नव्हते, म्हणून मला नाक्यावर उभी करून त्यानं अख्ख्या गल्लीला चहा पाजला. चालवायला मुलगा सुमेध बसला आणि माझा दुसरा जन्म सुरू झाला, तो लग्नांचा.

जबलपुरातल्या मराठी घरांतलं लग्न असलं की वऱ्हाड माझ्यातून जाणार हे ठरलेलं. नागपूर, भंडारा, बालाघाट, कुठं म्हणून गेले नाही? रुसलेल्या आत्या पाहिल्या, हरवलेल्या करवल्या पाहिल्या, ऐन वेळी विसरलेला नवरदेवाचा बूट आणायला अर्ध्या वाटेतून परतही फिरले. मुरलीधरनं सुमेधला एकच शिकवण दिली होती, "दारात आलेल्या मानसाले, तुम्ही कोण, असं विचारायचं नाही. लग्नघरचा मानूस आहे तो. सामान घे, पानी दे, बसव." सुमेधनं ती गाठीला बांधली. माझ्या दारातून कोणी विन्मुख गेला नाही याचा मलाही तोरा होता.

पण दिवस बदलले. आता ज्याच्या-त्याच्या घरी चारचाकी आली. वऱ्हाड आपापल्या गाडीनं पोचतं आणि मी नाक्यावर धूळ खात उभी. एक दिवस शहपुऱ्याहून जगदीश नावाचा मटारचा व्यापारी आला. त्यानं माझ्या टायरवर लाथ मारून पाहिली, आत डोकावला आणि म्हणाला, "सीटें निकाल देंगे तो बढ़िया माल आएगा." सुमेध हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्यालाही घर चालवायचं होतं. मला विकून तो दुसऱ्याची गाडी चालवायला जाणार होता. मी मात्र आतून गारठले. मटाराशी माझं वैर नाही, पण पोती गाणी म्हणत नाहीत हो. पोती भांडतसुद्धा नाहीत.

तेवढ्यात विनता धावून आली. ही आमच्याच गल्लीतली पोरगी, सदर बाजारातल्या एका हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था बघते. शहरात शेतीच्या शास्त्रज्ञांचं मोठं संमेलन भरणार होतं. देशभरातून माणसं विमानानं येणार, त्यांना डुमन्याहून हॉटेलात आणि हॉटेलातून अधारतालकडच्या सभागृहात न्यायचं होतं. व्यवस्थेतले आलोक सर नव्या कोऱ्या गाड्या लावायच्या विचारात होते. विनतानं आपला शब्द टाकला, "सर, सुमेध भैया को मैं बचपन से जानती हूँ." सर कसेबसे तयार झाले. सुमेधनं जगदीशला फोन करून सांगितलं, "तीन दिन रुक जाओ. ये काम जम गया तो नहीं बेचूँगा."

म्हणजे माझं काय व्हायचं ते त्या तीन दिवसांवर ठरणार होतं. सुमेधनं मला न्हाऊमाखू घातलं, पडदे धुतले आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोका पुढं ठेवला.

पहिल्या सकाळी आम्ही डुमन्याला पोचलो. थंडी मी म्हणत होती. विनतानं पाहुण्यांची नावं लिहून दिली होती, पण शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्या लोकांची नावं दारात पुकारायची हे सुमेधला बरं वाटेना. त्यानं कागद खिशात घातला आणि हात जोडून उभा राहिला. सूटबूटवाले येत गेले, हा सामान घेत गेला.

मग एक वयस्कर जोडपं बाहेर आलं. नारायणराव आणि लीलाबाई, ठाण्याचे. लीलाबाई म्हणत होत्या, "अहो, डबा सरळ धरा, लाडू फुटतील." परमुलखात मराठी कानावर पडलं आणि सुमेध विरघळला. "या काका, या काकू. द्या तो डबा इकडं." त्या दोघांनीही मराठी ऐकलं आणि त्यांना वाटलं, इथं राहणाऱ्या जावयानं आपला माणूस पाठवला. कोणी पाठवलं, कुठं नेतोस, असं विचारणं त्यांना अप्रशस्त वाटलं. तुम्ही संमेलनाचेच ना, असं विचारणं सुमेधला अप्रशस्त वाटलं. मराठी माणसाच्या भिडेला औषध नाही. एका साहेबांचं येणं ऐनवेळी रद्द झालं होतं आणि एक पाहुण्या अजून आतच होत्या, याचा सुमेधला पत्ता नव्हता, त्यामुळे त्यानं मोजली तेव्हा डोकीही बरोबर भरली. आम्ही निघालो.

जंगलाचा रस्ता लागला, कडेला चितळं उभी होती, पाहुणे फोटो काढत होते. लीलाबाईंनी डबा उघडला आणि डिंकाचे लाडू वाटायला सुरुवात केली. शेजारच्या साहेबांनी हिंदीत विचारलं, "आप किस विषय पर बोलेंगी?" लीलाबाई म्हणाल्या, "मैं क्या बोलूँगी, मैं तो नातिन को देखने आई हूँ. बारा दिन की है."

साहेब हसले, त्यांना ती गंमत वाटली. मला मात्र धडकी भरली. बाळंतिणीचे लाडू संमेलनात कशाला येतील? मी दार खडखडवलं, गिअर अडवला. सुमेध पुटपुटला, "काहून नखरे करून राहिली आज?" त्याला कसं सांगू?

हॉटेलच्या दारात विनता फुलं घेऊन उभी होती. तिनं एकेकाला उतरवून घेतलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. "भैया, वसुधा मॅडम कुठं आहेत?" डॉक्टर वसुधा म्हणजे संमेलनाच्या पहिल्या वक्त्या. मटारच्या नव्या वाणांवर त्यांचं भाषण ऐकायला सभागृह भरत होतं. त्यांची बियाण्यांची लाकडी पेटी सामानात मागं राहिली होती म्हणून त्या आत खोळंबल्या, आणि मी गेले होते निघून. त्यांचा फोनही बंद लागत होता.

आलोक सरांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "विनता जी, आपने कहा था, इनको जानती हैं." विनतानं मान खाली घातली. सुमेधनं खिशातला कागद आता कुठं बाहेर काढला. परत डुमन्याला जाऊन यायचं म्हटलं तर भाषणाची वेळ टळून जात होती.

एवढ्यात लीलाबाईंचा फोन वाजला. रेल्वेत नोकरी करणारा जावई केतन बोलत होता. सासू-सासऱ्यांना घ्यायला तो डुमन्याला पोचला होता आणि ते कुठंच दिसत नव्हते. सगळा घोळ लीलाबाईंच्या लक्षात आला. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "केतनराव तिथंच आहेत. त्या बाईंना घेऊन या म्हणते त्यांना."

नारायणराव दचकले. "अगं, जावयाला काम सांगायचं? बरं दिसतं का ते?"

"चूक आपलीसुद्धा आहे. बसमध्ये चढताना विचारलंत का तुम्ही? मग आता जावयाला सांगायला कसली लाज?" आणि फोनवर त्या एकदम गोड झाल्या, "केतनराव, रागावू नका हं, एक विनंती होती."

केतनला लाकडी पेटी शोधायला वेळ लागला नाही. पेटीवर वसुधाबाई बसल्याच होत्या. त्यांना घेऊन तो थेट सभागृहात आला आणि मी त्याचे सासू-सासरे घेऊन तिथं गेले. दारातच अदलाबदल झाली. वऱ्हाडाच्या भाषेत याला साटंलोटं म्हणतात. वसुधाबाई पेटी काखेत धरून आत पळाल्या. टाळ्या मला बाहेर ऐकू आल्या तेव्हा कुठं माझं इंजिन थंड झालं.

पण आलोक सरांनी जे ठरवायचं ते ठरवलं होतं. "कल से सवारी के लिए दूसरी गाड़ी रहेगी. आप खाना-पानी पहुँचा दीजिए."  सुमेधला विनताकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधर मला पुसायला आला. सुमेध पायरीवर बसला होता.

"काहून तोंड पाडून बसला?"

"तुमीच तर म्हनले होते, दारात आलेल्याले विचारायचं नाही."

मुरलीधरनं फडकं पिळलं. तो काच पुसायला लागला. मग म्हणाला, "ते लग्नासाठी होतं, बेटा. तिथं सगळे सगळ्याइले ओळखतात. इथं मानूस परक्या गावी उतरून राहिला, त्याले कोणी नाव घेऊन बोलावलं तर बरंच वाटंल. आधी पानी दे, मंग नाव विचार. माहं अर्धं सांगायचंच राहून गेलं."

म्हातारा एवढं बोलला आणि दाराचा पोचा हातानं चोळत राहिला. मला त्याची फार माया आली.

तो दिवस मी पाण्याचे जार वाहिले. तिसऱ्या दिवशी पाहुणे शेतं पाहायला निघाले, आणि कुठं माहीत आहे? शहपुऱ्याला, मटारच्या मळ्यांवर. पुढं मोठी झुळझुळीत एसी बस, मागं मी, पुऱ्यांचे डबे घेऊन. सीटांवर भांडी खणखणत होती. पोत्यांची रंगीत तालीमच होती म्हणा ना. मी रडले असं म्हणणार नाही, पण काच सारखी धुकट होत होती आणि सुमेधनं ती दोनदा पुसली.

शहपुरा ओलांडून मळ्याकडं वळलो तर पुढं कालव्यावरची जुनी पुलिया लागली, अरुंद छोटा पूल. मोठी बस तिच्यापुढं येऊन थांबली. ना पुढं जाता येईना, ना वळता येईना. मळा बराच आत होता आणि पाहुण्यांत म्हातारी माणसंही होती. आलोक सर खाली उतरून पुलियाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. सुमेध डबे उतरवून झाडाखाली ठेवू लागला. विनताही त्याला हात द्यायला आली.

मग तो दारात उभा राहिला, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात नावांचा कागद. सगळ्यांत आधी वसुधाबाई आल्या. सुमेधनं बाटली दिली. त्या प्यायल्या. मग तो घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, आपलं नाव?"

बाई त्याच्याकडं बघून हसल्या. "वसुधा. तुम्ही विमानतळावर विसरलात, तीच."

सुमेध कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं कागदावर खूण केली. मग एकेक जण आला, पाणी घेतलं, नाव सांगितलं आणि बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच माझ्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव कळलं. इतकी वऱ्हाडं वाहिली, पण असं कधी झालं नव्हतं.

पुलिया मी अंग चोरून पार केली. मळ्यावर शेतमालक आणि व्यापारी जमले होते आणि त्यांत जगदीश होता. त्यानं मला ओळखलं, जवळ येऊन दारावर थाप मारली. "अरे, गाड़ी खुद ही ले आए? तो आज सौदा पक्का?"

सुमेधनं मागं वळून पाहिलं. सगळ्या खिडक्यांत माणसं होती. कोणी लाडवांची आठवण काढत होतं, कोणी हिरव्या वाफ्यांकडं बोट दाखवत होतं.

"नहीं भैया," तो म्हणाला. "सवारी भरी हुई है."

जगदीश दिलदार निघाला. परतताना त्यानं मटारचं एक पोतं मागच्या सीटवर ठेवलं. ते पोतं आलोक सरांच्या शेजारी बसून आलं, कारण सरांनाही आता माझ्यातच बसायचं होतं. उतरताना ते विनताला म्हणाले, "एयरपोर्ट भी इसी गाड़ी से छोड़ेंगे." विनतानं मान डोलावली आणि पाठ वळवून डोळे पुसले.

तेव्हापासून मी इथं उभी असते. संमेलनं येत राहतात. मधे लीलाबाई पुन्हा आल्या, तेव्हा जावयानंच त्यांच्यासाठी मला बोलावलं होतं. सीटांवरची पोरांची नावं सुमेधनं खोडलेली नाहीत. उद्याचं कोणी सांगावं? मीही काही नवी नाही. पण सध्या माझ्यात माणसं बसतात, बोलतात, भांडतात, आणि माझं भागतं.

तो पाहा, सुमेध आला. विमानही उतरलेलं दिसतंय. तुम्ही कधी या गावी उतरलात आणि दारात कोणी हातात पाण्याची बाटली ठेवून तुमचं नाव विचारलं, तर रागावू नका. भीडही बाळगू नका. नीट मोठ्यानं सांगा. इथं कोणीतरी तुमचीच वाट बघत उभं आहे.