न मोजलेली वाटी

उद्धवरावांच्या साखरेनं डोळ्यांवर घाला घातला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरली नाही तर नजर जाईल. तेव्हापासून सून नीलांबरी रोज हिंगोलीहून फोन करून त्यांच्या खाण्याचा अंदाज बांधायची. सासूबाई अनुसूयाबाई सांगायच्या, ती कॅलरी ठरवायची. बशीभर पोहे, अडीचशे. मुरमुऱ्यांचा सुशीला, शेंगदाणे धरून तीनशे.

"आन् एक भजं?" उद्धवराव मागून विचारायचे.

"ऐंशी, बाबा."

"एवढे मार्क मला मॅट्रिकलाबी न्हाई मिळाले!"

महिने गेले तरी साखर ढिम्म हलेना. अनुसूयाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. वारंगा फाट्यावरच्या जळबाच्या हॉटेलात उद्धवराव रोज संध्याकाळी गप्पांना बसत.

"तिथं कचोरी खाऊन येता ना?" आवाज न चढवता त्यांनी विचारलं.

"बाळकृष्णाची शपथ, तोंडाला न्हाई लावली."

"देवाला मध्ये काहून आणता?"

त्या दिवसापासून उद्धवरावांनी फाट्यावर जाणं सोडलं. संध्याकाळभर ओट्यावर बसून राहायचे. जळबाचे निरोप आले, मग तेही येईनासे झाले. अनुसूयाबाईंना वाटलं, बरं झालं, जीभ आवरली.

सुट्टीत नीलांबरी घरी आली. सकाळी अनुसूयाबाईंनी बाळकृष्णाला नैवेद्य दाखवला आणि शिऱ्याची वाटी नेहमीसारखी उद्धवरावांच्या हातात दिली. अनुसूयाबाईंना स्वतःला दुपारपर्यंत काही खायचं नसे, तसा नेमच होता.

"आई, हा शिरा रोज असतो?"

"रोजच. नेम आहे ना माझा."

"मग फोनवर कधी सांगितलं न्हाई?"

"तो प्रसाद, गं. प्रसाद कुठं खाण्यात धरतात?"

नीलांबरीनं वाटी हातात घेऊन पाहिली. रवा, साखर, साजूक तूप, सगळं सारख्या मापाचं. "चारशेच्या खाली न्हाई, आई," ती हळूच म्हणाली. "पोह्यांपेक्षा जास्त."

अनुसूयाबाई उद्धवरावांकडे वळल्या. "अहो, तुमी तरी नको म्हणायचं होतं!"

"प्रसादाला नको कसं म्हणू? आन् तू उपाशीपोटी ढवळून करतेस."

दुसऱ्या दिवसापासून बाळकृष्णापुढं चमचाभर दूध आणि तुळशीचं पान येऊ लागलं. देव काही रुसला नाही. साखरही हळूहळू उतरली. पण डोळ्यांचं जे गेलं ते गेलंच, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

एका संध्याकाळी दिवा लावून अनुसूयाबाई ओट्यावर आल्या. "चुकलं माझं. उगाच तुमच्यावर आळ घेतला. जळबाभाऊंकडे जाऊन या ना. मी काही विचारणार न्हाई."

"आता न्हाई जमत," उद्धवराव म्हणाले. "या वेळेला ट्रकांचे दिवे डोळ्यांत घुसतात, रस्ताच दिसत न्हाई. आन् सकाळी जावं, तर जळबाला गिऱ्हाइकातून मान वर करायला सवड नसते."