लांब कानांचा बिजागर

मी बिजागर बोलतोय. सुकाणूचा. आणि आधीच सांगून ठेवतो, बोलायची मला काडीची हौस नाही. बिजागराने गप्प राहावं. तो कुरकुरायला लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय. पण एनोराने हट्टच धरला की तुझी हकीकत तूच सांग. त्या पोरीला नाही म्हणणं मला जमत नाही. माझी शाळा म्हणजे मिलिंग मशीन आणि कानस. तेव्हा भाषेच्या चुका काढत बसू नका.

मी जन्मलो फ्रान्सच्या किनाऱ्यावर, काँकार्नोच्या बंदरात, गिरेक मादेकच्या कारखान्यात. टायटॅनियमच्या ठोकळ्यातून त्याने मला कोरून काढलं. कडा मशीनने काढल्या, पण कानांची गोलाई स्वतःच्या हाताने, कानशीने. हो, मला कान आहेत. दोन, उभे, लांब. त्यांच्या भोकांतून पिन जाते आणि त्या पिनेवर बोटीचं सुकाणू फिरतं. चाळीस तास लागले त्याला. शेवटी त्याने मला उजेडाकडे धरलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "बरा झालाय." गिरेकच्या तोंडून एवढं यायलाही नशीब लागतं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे बोटीवर एक शब्द उच्चारायचा नसतो. लांब कान, पुढे दोन दात, गाजर खातं ते जनावर. तुमच्या मनात आलं ना, तेच. मोठ्याने म्हणू नका, मी अजून बोटीवर आहे. जुन्या काळी खलाशी ती जनावरं खाण्यासाठी जहाजावर न्यायचे. ती पिंजऱ्यातून सुटली की दोर कुरतडायची आणि जहाज बुडायचं म्हणे. आज दोर प्लास्टिकचे, पिंजरे गेले, पण शब्दाची भीती आहे तशीच आहे. डॉक्टर झालेला माणूससुद्धा बोटीवर त्याला "ते लांबकानं" म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी मला पहिल्या बोटीवर बसवलं. शर्यतीची बोट, एकट्याने अटलांटिक पार करायची. त्या दिवशी खाडीत चाचणी होती. डेकवर गिरेक होता, बोटीचा मालक होता आणि दोर ओढायला आलेली बावीस वर्षांची एनोरा. ती मागच्या टोकाला वाकली, तिने मला पाहिलं आणि खळखळून हसली.

"अय्या, हे तर अगदी..." आणि तो शब्द म्हणाली. स्पष्ट. मोठ्याने.

गिरेकच्या तोंडचं पाणी पळालं. अपशकुन टळावा म्हणून मालकाने लाकडाला हात लावला. दुपारी दोनच्या सुमाराला कडाड आवाज झाला आणि डोलकाठी आडवी! शीड, तारा, सगळं पाण्यात. कुणाला लागलं नाही, पण त्या वर्षीची शर्यत तिथेच संपली.

धक्क्याला लागल्यावर गिरेक एनोराला म्हणाला, "उतर. पुन्हा माझ्या कारखान्याची पायरी चढू नकोस."

"काका, एका शब्दाने काठी मोडते का?"

"मोडली की नाही? डोळे आहेत ना तुला?"

ती रडत गेली. मग त्याने मला सोडवलं आणि चारचौघांत जाहीर केलं की हा समुद्रात फेकला. फेकला नाही. चाळीस तासांचं काम फेकवेना त्याला. खालच्या खणात, जुन्या चिंधीत गुंडाळून ठेवलं. माझ्या आराखड्यावर नाव होतं, 'सुकाणूचा वरचा बिजागर, डावा'. तेही खोडरबराने खोडून टाकलं. बिननावाचा झालो मी!

पण मी त्या दिवशी आणखी एक पाहिलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. काठी पडल्यावर सगळे पाण्यातलं शीड ओढत होते, तेव्हा गिरेक डेकवर वाकला आणि त्याने काहीतरी उचलून खिशात घातलं. काठीला ताणून धरणाऱ्या तारेची पिन. मधोमध तुटलेली. आठवड्यापूर्वी मालक म्हणाला होता, ही पिन बदलू या. गिरेक म्हणाला होता, "अजून एक हंगाम जाईल ती." मी तिथेच होतो. मला कान आहेत.

अकरा वर्षं खणात काढली. शेजारी गंजके स्क्रू आणि सार्डिनचा एक रिकामा डबा. संगत म्हणून एवढंच.

एनोरा मात्र बसून राहिली नाही. रेन शहरात नोकरी धरली आणि तिथे एक शोधणारी प्रणाली बनवायला लागली. माणसांची एक खोड मी पाहिली आहे. जुनी वस्तू शोधण्यापेक्षा नवी बनवणं त्यांना सोपं वाटतं. एकेका कारखान्यात लाख लाख सुट्या भागांचे आराखडे पडलेले असतात. कुणी त्याला बिजागर म्हणतो, कुणी कब्जा, कुणी नुसता आकडा टाकतो. नावाने शोधलं की सापडत नाही. मग तोच भाग पुन्हा आखतात, पुन्हा घडवतात आणि पुन्हा विसरतात. एनोराच्या प्रणालीला नावाशी देणंघेणं नाही. ती आकार बघते. मला यंत्रांचं कौतुक नाही, पण या बाबतीत गप्प बसतो.

शनिवार-रविवार राबून चार वर्षांत पोरीने स्वतःची चाळीस फुटी बोट उभी केली. कंपनीने शिडावर आपलं नाव रंगवलं आणि तिला चार महिने सुट्टी दिली. शर्यत काँकार्नोहून अटलांटिकपलीकडच्या मार्टिनिक बेटाला, एकटीने. आणि बोट तयार करायला ही बया आली कुठे? गिरेककडेच!

"का आलीस?" त्याने विचारलं.

"तुमच्याइतका हात कुणाचा नाही म्हणून. तोंड बंद ठेवीन."

"ठेव," तो म्हणाला आणि कामाला लागला.

शर्यतीला आठ दिवस उरले असताना सुकाणूचा नवा बिजागर तडकला. त्याचा आराखडा काढला होता तांगीने. तांगी कारखान्याचा इंजिनियर, पदवीवाला, हलक्या वजनाचा भक्त. आमच्याकडे तडा शोधायची रीत आहे. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची. तडा असला तर लाल रेघ वर येते. आली. केसाएवढी, पण आली.

"नवा घडवायला तीन आठवडे," तांगी कपाळाला हात लावून म्हणाला.

"गुरुवारी तपासणी आहे, तांगी. सुकाणू पक्कं नसेल तर सुटूच देणार नाहीत मला."

"वेल्डिंग करू?"

"आणि भर समुद्रात उघडलं तर पोहत जाऊ?"

गिरेक दारात उभा होता. खालच्या खणापासून चार पावलांवर. त्याला माहीत होतं मी तिथे आहे. बोलला नाही! चार वर्षांची मेहनत त्या पोरीच्या डोळ्यांतून वाहून चालली होती आणि म्हातारा खिशात हात घालून उभा. खणात मी धडपडत होतो. धडपडता येत असतं तर!

मग एनोराने डोळे पुसले आणि संगणक उघडला. गेल्या वर्षी तांगीने कारखान्याचे सगळे जुने आराखडे आणि खणांतल्या वस्तू तिच्या प्रणालीत घातल्या होत्या. तिने 'बिजागर' टाकलं. चाळीस दारांचे बिजागर आले. 'सुकाणू' टाकलं. काहीच कामाचं नाही. शेवटी नावं सोडली आणि तडकलेल्या बिजागराचा आकारच यंत्रापुढे ठेवला. असा दिसणारा कोणी आहे का, शोध.

चार सेकंद लागले. अकरा वर्षं मी वाट पाहिली आणि चार सेकंदांत पडद्यावर मी! दोन कान, उभे, लांब. नावाचा रकाना रिकामा. खाली एकच ओळ: गिरेकचा खालचा खण.

"तांगी, याला नाव का नाही?"

"काका म्हणाले, रिकामं ठेव. मी ठेवलं. त्यांच्याशी कोण वाद घालतो?"

एनोरा वळली. "समुद्रात फेकला होतात ना तुम्ही?"

"तो नाही न्यायचा," गिरेक म्हणाला.

"का?"

"त्याच्यावर तो शब्द पडलाय. तुला माहीत आहे. तूच पाडलास."

"मग माझा शब्द मलाच फळेल."

"पोरी, मी तुला त्याच्यावर समुद्रात नाही पाठवणार!"

"मग काय, तांगीच्या वेल्डिंगवर पाठवणार?"

तांगी म्हणाला, "मी इथेच उभा आहे बरं का." कुणी लक्ष दिलं नाही.

तिने खण ओढला, चिंधी सोडली. उजेड! मला लाल रंग फासला, पुसला, भुकटी मारली. तिघं वाकून पाहत राहिले. रेघ नाही. एकसुद्धा नाही. फक्त माझी भोकं तिच्या पिनेपेक्षा दोन मिलिमीटर मोठी होती. मध्ये बुश, म्हणजे भोकात बसणारे धातूचे पोकळ तुकडे, लागणार होते, आणि इतके नेमके बुश लेथवर काढणारा हात काँकार्नोत एकच. एनोरा त्याच्याकडे बघत राहिली. गिरेक शिव्या घालत, दाराला लाथ मारत लेथकडे गेला. संध्याकाळपर्यंत दोन बुश तयार होते. आरशासारखे.

गुरुवारी पास झालो. रविवारी सुटलो!

काय सांगू तुम्हाला! धक्क्यावर माणसांचा समुद्र, तोफ धडाडली आणि चाळीस बोटी एकदम उधळल्या. तिसऱ्या दिवशी बिस्केच्या उपसागरात वाऱ्याने आम्हाला धरलं. घराएवढ्या लाटा. प्रत्येक लाटेवरून बोट घसरायची आणि सुकाणूचा सगळा भार माझ्या कानांवर. ओढ! धर! सोडू नकोस! अकरा वर्षांची झोप एका तासात उतरली. सात बोटी परत फिरल्या. एनोरा मागे येऊन माझ्यावर हात ठेवायची आणि ओरडायची, "धर रे, राजा, धर!" मी धरलं.

मग व्यापारी वारे लागले आणि आम्ही उडत सुटलो. पोरगी सुकं मांस आणि खाऱ्या लोण्याची बिस्किटं खायची, वीस वीस मिनिटांच्या डुलक्या काढायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. पण तो शब्द? एकदाही नाही.

अठराव्या दिवशी सकाळी मार्टिनिक दिसलं. डोंगराच्या आडोशाला वारा पडला आणि मागून निळ्या शिडाची एक बोट सरपटत आली. तिसरा नंबर आमचा की तिचा? इंचाइंचाने लढाई! एनोरा सुकाणू असं हळुवार फिरवत होती की मी श्वाससुद्धा घेतला नाही. एक झुळूक आली, आधी आम्हाला शिवली, आणि आम्ही रेषा ओलांडली. पन्नास सेकंदांनी पुढे. तिसरे!

धक्क्यावर गिरेक. आयुष्यात कधी विमानात न बसलेला माणूस, कोटाची बटणं चुकीची लावून उभा. त्याने एनोराकडे पाहिलंच नाही. आधी माझ्याकडे आला, भिंग काढलं आणि दोन्ही कान तपासले. मग तिथेच डेकवर बसला. खिशातून काहीतरी काढून तिच्यासमोर ठेवलं. तुटलेली पिन.

"काठी शब्दाने नव्हती मोडली," तो म्हणाला. "हिने मोडली. मी म्हटलं होतं, अजून एक हंगाम जाईल. माफ कर, पोरी."

एनोराने पिन उचलून बाजूला ठेवली. मग त्याच्या कोटाची बटणं सोडून नीट लावायला लागली. "अकरा वर्षं खिशात घेऊन हिंडलात? खिसा फाटला नाही?"

"तीन फाटले."

दोघं हसली, दोघं रडली. मग तिने संगणक उघडला आणि तो रिकामा रकाना त्याच्यापुढे धरला. "आता तरी नाव द्या."

त्याने नाक ओढलं. "लिही. लांबकान्या."

तर आता मी नाव असलेला माणूस आहे. परवा एनोराच्या कंपनीची माणसं आली होती. मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतात. हे बघा, खण मी पाहिलाय. काचेचा असला म्हणून काय झालं? मला पिन द्या, सुकाणू द्या आणि पुढच्या वेळी बिस्केत नेऊन सोडा. एवढंच मागणं आहे.

आणि एक हिशेब राहिलाय. तांगी येऊन म्हणाला, "सॉरी हं, तू माझ्या बिजागरापेक्षा पक्का निघालास." त्याचं मिटलं. पोरीची माफी मागून झाली. पण काठीचा आळ जितका तिच्यावर होता तितकाच माझ्यावर होता, आणि खणात मी होतो, ती नव्हती. मला नुसतं भिंगातून बघितलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि नाव दिलं. माफीचा शब्द नाही. वाट बघतोय मी. घाई नाही, टायटॅनियमला गंज चढत नाही. पण तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, म्हणून माफी कुणाकडे बाकी आहे, ते नाव स्पष्ट लिहून ठेवा: गिरेक मादेक.