रेवाच्या मध्यस्थीचा अबोला

तात्याराव एसटीत कंट्रोलर होते तेव्हा माईकवरून अख्ख्या स्टँडला दम द्यायचे. रिटायर झाल्यावर माईक गेला, आवाज राहिला. तो घरात कुणावर वापरायचा, हा प्रश्न पुण्याच्या लेकीनं, चैतालीनं सोडवला. तिनं जळकोटच्या घरी एक बोलका डबा आणून टीव्हीशेजारी ठेवला. ‘रेवा’ म्हणून हाक मारली की डबा बाईच्या आवाजात उत्तर द्यायचा. "पप्पा, अडीअडचणीला कामाला येईल," चैताली म्हणाली. अडचण यायला अजून अवकाश होता, तोवर तात्यारावांनी पावसाचा अंदाज, सोयाबीनचा भाव आणि सोलापूरच्या गाड्या विचारून रेवाला भंडावून सोडलं.

केशरबाईंची त्याला हरकत नव्हती. नवऱ्याचा आवाज त्यांनी एकटीनं पुष्कळ सोसला होता, आता निम्मा भार दुसरी उचलत असेल तर बरंच. पण एका रविवारी ताटात हुलग्याचे शेंगोळे पडले आणि तात्यारावांना दुर्बुद्धी सुचली. त्यांनी रेवाला शेंगोळ्यांची कृती विचारली. रेवानं पिठात थोडी कणीक घालायला सांगितली.

"बघ, कणीक घालतेत. तू घालत न्हाईस म्हणून तुझे तुटतेत," तात्याराव म्हणाले.

केशरबाईंनी आदळआपट केली नाही की भांडल्या नाहीत. त्या फक्त बोलायच्या थांबल्या. मग तात्यारावही थांबले, कारण तेही काही कमी नव्हते.

आता अबोला म्हटला की मध्ये कुणीतरी लागतंच. पूर्वी चैताली असायची. ‘तुझ्या पप्पांना सांग, जेवण वाढलंय.’ ती पुण्याला गेल्यावर भिंतीवर भागवावं लागलं. या वेळी ती जागा डब्याला मिळाली. केशरबाई त्याच्याकडं तोंड करून म्हणायच्या, "पाणी तापलंय म्हणावं." रेवाचं नाव त्या मेल्या तरी घेणार नव्हत्या, त्यामुळे डबा गप्प राहायचा. तात्याराव मात्र रीतसर हाक मारायचे. "रेवा, चहा हुईल का विचार." रेवा चहाचे प्रकार सांगू लागायची, आणि तेवढ्यात आतून चहा यायचा. असे पंधरा-वीस दिवस झाक गेले. दोघांनाही आपणच जिंकतोय असं वाटत होतं.

मग एका सकाळी न्हाणीत साबणावर पाय पडला आणि तात्याराव धाडकन आडवे झाले. मांडीच्या सांध्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. उठायला गेले तर पाय ऐकेना. अंगावर टॉवेल, तोही निम्मा. स्वयंपाकघर पलीकडंच होतं, भाकरी थापल्याचा आवाज इथवर येत होता. ‘केशर’ एवढी एक हाक पुरली असती. पण अबोला जो आधी मोडतो तो हरतो, हे लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तात्यारावांनी डेपोतला आवाज काढला आणि पुढच्या खोलीकडं सोडला.

"रेवा, एकशे आठला फोन लाव."

"माफ करा," रेवा गोड आवाजात म्हणाली, "मी आपत्कालीन सेवांना फोन करू शकत नाही. कृपया तुमच्या मोबाइलवरून फोन करा."

मोबाइल खुंटीवरच्या शर्टात होता. "मग चैतालीला लाव."

चैतालीचा फोन वाजून वाजून बंद पडला.

भाकरीचा आवाज थांबला. केशरबाई पिठाच्या हातांनी न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खाली पडलेल्या नवऱ्याकडं त्यांनी पाहिलं आणि पुढच्या खोलीकडं तोंड करून म्हणाल्या, "लई लागलंय का म्हणावं."

तात्याराव छताकडं बघत म्हणाले, "रेवा, सांग, तेवढं काय न्हाय."

"मग गाडी कशाला बोलवायलेत?"

"रेवा, सांग, फोन लागतो का न्हाय ते बघायलो हुतो."

आपल्याला नीट समजलं नाही, असं रेवा म्हणाली. कुणाला समजलं असतं?

तात्यारावांनी बढाईपोटी कूस बदलायला घेतली आणि तोंडातून कण्हणं बाहेर पडलं. कपाळाला घाम फुटला. डोळे उघडले तेव्हा दार रिकामं होतं. केशर निघून गेली होती. आता मात्र ते खरंच भ्याले. दुखण्याला नाही, त्या रिकाम्या दाराला.

एवढ्यात ती मोबाइल घेऊन परत आली. पिठाच्या बोटांनी एकशे आठ लावला, स्पीकर सुरू केला, गाव सांगितलं, घराची खूण सांगितली.

"पेशंट शुद्धीवर आहेत का? बोलतायत का?" पलीकडच्या पोरीनं विचारलं.

"बोलतेत की. पण माझ्यासंगं न्हाय."

पोरगी पुढं म्हणाली, "मावशी, गाडी निघालीय. त्यांना हलवू नका. आणि गाडी येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा. उत्तर देतात का बघा."

सरकारी हुकूमच झाला. केशरबाईंनी नवऱ्याच्या अंगावर चादर घातली, उशाशी बसल्या.

"ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

"तुमी पडल्याचा आवाज मला बी आला हुता. म्या भाकरी हातात धरून थांबले. म्हणलं, आता हाक मारतील." "तुमी तिला हाक मारली. म्या काय मेले हुते का?"

तात्याराव तिच्या मनगटावरचं वाळलेलं पीठ नखानं काढत राहिले.

गाडी आली. गल्ली गोळा झाली. गाडीतल्या दोघांनी तात्यारावांना स्ट्रेचरवर घेऊन आत सरकवलं. उघड्या दारातून त्यांना घर दिसत होतं, आणि कुलूप लावत असलेली केशर.

"केशर," त्यांनी हाक मारली. स्टँडवर घुमावी अशी हाक होती. शेजारणी एकमेकींकडं बघून हसल्या.

केशरबाई वळल्या नाहीत. कुलूप लागलं होतं, किल्ली हातात आली होती, तरी त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या. ड्रायव्हरला घाई होती. तात्यारावांना मात्र कळलं. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, फक्त तिला ऐकू जाईल एवढी.

"आले," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरत गाडीत चढल्या.